बाजीराव दुसरे यांचे डोळे

हॅरो, लंडन
14 जानेवारी, संक्रांत

ती. सौ. आईस,

बेबीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. तरी हे पत्र वहिनीच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. तेव्हा वहिनी, चहावर झाकण ठेवा, आईजवळ ओट्यावर बसा आणि मोठ्यानं वाचा. एकही ओळ गाळायची नाही, शेवटच्या तर अजिबात नाही.

फोन सोडून पत्र का, तर व्हिडिओ कॉल लावला की तू आम्हाला छताचा पंखा दाखवतेस आणि 'दिसत नाही गं काही' म्हणून फोन बाबांकडे देतेस. बाबा तो कानाला लावतात. गेल्या सहा महिन्यांत मी धरमपुरीच्या घरातलं पंखा आणि बाबांच्या कानाखेरीज फारसं काही पाहिलेलं नाही.

तू दर फोनला आधी बाजीरावाची खुशाली विचारतेस, मग जावयाची. म्हणून त्याच क्रमानं लिहिते.

बाजीराव आता तेरा वर्षांचा झाला. नाव बाबांनीच ठेवलं होतं, आठवतं? हा शिह त्झू घरी आला त्याच संध्याकाळी शेजारच्या मांजरीनं नुसतं वळून बघितलं, तर गडी कुंपणाखालून थेट तिसऱ्या घरी. बाबा फोनवर म्हणाले, 'बाजीराव म्हणा त्याला. पहिला नव्हे, दुसरा.' आपल्या धारच्या किल्ल्यात 1775 साली जन्मला तो. माझ्या पुणेकर सासरी अजून ऐकवतात, पेशवाई बुडवणारा तुमच्या धारचाच म्हणून. मी म्हणते, जन्म धारला झाला असेल, बुडवली तुमच्या पुण्यात.

तर गेल्या उन्हाळ्यात त्याची दोन्ही बुबुळं निळसर धुरकट दिसायला लागली. घरात एकमतानं निदान झालं: मोतीबिंदू. तू तिकडून गुलाबपाणी सुचवलंस, बाबांनी मध सुचवला, आणि तेवढ्यावर न थांबता स्वतःच्या ऑपरेशननंतर उरलेले ड्रॉप पाठवायची तयारी दाखवली. त्या ड्रॉपबद्दल पुढे येतेच.

मग त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी खोलीत अंधार केला आणि बॅटरी मारली. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे एक आरसा असतो. रात्री रस्त्यावर हिरवे डोळे चमकतात ते त्यामुळे. खरा मोतीबिंदू असला तर तो वाटेत आडवा येतो आणि चमक अडते. बाजीरावाची चमक आरपार आली. म्हणजे हा मोतीबिंदू नव्हेच. वयानं भिंगाचा गाभा घट्ट होतो आणि निळा दिसतो. सहा-सात वर्षांपुढच्या बऱ्याच कुत्र्यांचं असं होतं, नजर फारशी जात नाही. बाई म्हणाल्या, हे केस पिकण्यासारखं आहे. हे लगेच आरशात बघायला लागले.

पण चिपडं वेगळी होती. सकाळी डावा डोळा चिकट पिवळ्या चिपडांनी मिटलेला असायचा. आम्ही पुसायचो आणि विसरायचो. बाईंनी खालच्या पापणीत कागदाची एक पट्टी अडकवली आणि घड्याळ लावून मिनिटभर थांबल्या. शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1903 साली माणसांसाठी काढलेली ही परीक्षा. निरोगी कुत्र्याच्या आसवांनी पट्टी 15 मिलिमीटर तरी भिजावी. बाजीरावाची भिजली सहा. आपल्या घरात रडण्यात कुणी नापास झाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

डोळे कोरडे पडले की शरीर पाण्याऐवजी चिकट घाण सोडतं, आणि आपण समजतो डोळ्याला भरपूर पाणी आहे. मलम मिळालं ते सायक्लोस्पोरिनचं. दुसऱ्याचा अवयव बसवलेल्या माणसांसाठी निघालेलं औषध, पण कोरड्या डोळ्यावर ते आधी कुत्र्यांना लागू पडलं, मग 2002 साली अमेरिकेत माणसांना मंजूर झालं. थोडक्यात, या बाबतीत कुत्रा आपल्यापेक्षा ज्येष्ठ आहे. दिवसातून दोनदा, जन्मभर. मी मलम धरते, हे बाजीराव धरतात, चिरंजीव पनीर धरतात. महिनाभरात बाजीराव मलमाची नळी दिसली की स्वतःच येऊन मान वर करायला लागला. पनीरसाठी गं, शहाणपणानं नव्हे.

नोव्हेंबरात त्यानं तोच डोळा पंजानं खाजवून घेतला. बाईंनी डोळ्यात पिवळा रंग टाकला, निळा दिवा धरला, आणि बुबुळावर हिरवा ओरखडा उमटला, पाटीवर कुणी रेघ मारावी तसा. तेव्हा मी बाबांच्या उरलेल्या ड्रॉपचं विचारलं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यात स्टेरॉइड असतं, जखमी बुबुळावर पडलं तर जखम चिघळते, बुबुळ विरघळून डोळा फुटायचीही पाळी येते. बाबा, तुमचा हेतू शुद्ध होता. बाटली मात्र फेकून द्या.

मग तीन आठवडे गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. एचएमव्हीच्या तव्यावर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा होता ना, त्याला इथेच लंडनच्या दुसऱ्या टोकाला, किंग्स्टनमध्ये 1895 साली पुरलं. तो भोंगा ऐकायचा, आमच्यानं अंगावर घातला. दाराच्या चौकटीला आपटत, पाण्याचं भांडं भोंग्यात पालथं करून घेत तो घरभर फिरायचा. त्या दिवसांत त्याला बाबागाडीतून बागेत न्यायचो आम्ही. एका म्हाताऱ्या इंग्रज बाईनं बाळ बघायला म्हणून आत डोकावून पाहिलं आणि नुसतं 'ओह' म्हणून निघून गेली. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याला पालखीचा मान होता म्हणतात, त्याची समाधी संगम माहुलीला आहे. आपल्या बाजीरावाला निदान चार चाकं मिळाली.

याच सुमाराला त्यानं संध्याकाळी अंगणात पाऊल टाकणं बंद केलं. इथे डिसेंबरात चारलाच दिवे लावावे लागतात, म्हणून आम्ही म्हटलं, आळस. मग एक दिवस भर दुपारी तो स्वयंपाकघराच्या दाराला धडकला आणि मागे सरून दारावरच भुंकला. उजवा डोळा आता निळा नव्हता, पांढरा होता, वाटीतल्या दह्यासारखा.

आधी रक्तातली साखर तपासली, कारण मधुमेह झालेल्या बहुतेक कुत्र्यांना वर्षाच्या आत मोतीबिंदू येतो. साखर उत्तम निघाली. त्या उत्साहात ह्यांनीही आपली तपासून घेतली. ती उत्तम निघाली नाही. तेव्हा यंदाचे तिळगूळ बाजीराव खाऊ शकतो, जावई नाही. वैद्यकीय कारणानं घरात उलटी व्यवस्था आहे.

मग डोळ्यांच्या खास डॉक्टरांकडे. तू ऑपरेशन एका वाक्यात सांगतेस, 'तुझ्या मावशीचं वीस मिनिटांत झालं, घरी येऊन पोहे खाल्ले.' कुत्र्याला 'हलू नका' सांगता येत नाही, म्हणून पूर्ण भूल द्यावी लागते. आत बसवायचं भिंग 41 डायॉप्टरचं, माणसाच्या भिंगाच्या दुप्पट ताकदीचं. खर्च काही हजार पौंड. विम्याच्या फॉर्मात विचारलं होतं, 'हा त्रास पूर्वीपासून होता का?' हे म्हणाले, लिहू, बाजीराव दुसऱ्यांची दूरदृष्टी 1818 पासूनच कमी आहे.

पण त्याआधी त्यांनी पडद्याची वीज मोजली. डोळ्यावर उजेडाचे झटके टाकतात आणि मागचा पडदा जागा होतो की नाही ते यंत्रावर बघतात. बाजीरावाच्या यंत्रावर सरळ रेघ. दोन्ही डोळ्यांची. पडदा हळूहळू विझत गेला होता, आधी रात्रीची नजर गेली, ती आम्ही आळसात धरली. पडदाच नाही म्हटल्यावर भिंग कितीही चांगलं बसवा. ऑपरेशन करून उपयोग नाही, असं त्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. मला ते फार आवडले. मी गाडीत येऊन रडले, शिर्मरची पट्टी पूर्ण भिजली असती.

बाजीराव मात्र रडला नाही. बाई म्हणाल्या होत्या, घरातलं सामान हलवू नका, त्याचा नकाशा नाकात आहे. खरंच आहे. जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी चंदनाचा थेंब लावला, पाण्याच्या भांड्याखाली जुना पंचा घातला. चार दिवसांत गडी सगळीकडे हिंडायला लागला, आणि पनीर कुणाच्या हातात आहे हे तर पूर्वीपेक्षा लवकर कळतं. आठ वर्षं मी ह्यांच्या मागे लागले आहे, तो सोफा खिडकीकडे सरकवा म्हणून. आता ह्यांच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी आहे.

वहिनी, आता थांबू नका. पाणी प्या आणि पुढे वाचा.

आई, तुला तीन वर्षांपूर्वी इंदूरला डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. तेव्हापासून तुझं एकच, 'अजून पकला नाही.' (हे इथे हसतात, म्हणतात पकला नव्हे, पिकला. मी सांगते, आमच्या धरमपुरीला पकतोच.) मी बाजीरावाच्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना खास विचारलं, पिकू द्यायचा असतो का? ते म्हणाले, कुत्र्यातसुद्धा नाही. जुना झाला की भिंगातला रस पाझरून डोळा आतून सुजतो आणि काम अवघड होतं. पिकायची वाट बघायचा काळ गेला.

तुझी दुसरी हरकत, परकी वस्तू डोळ्यात नको. ऐक. दुसऱ्या महायुद्धात इथल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या तावदानाचे, पर्स्पेक्सचे कण घुसले. रिडली नावाच्या डॉक्टरनं पाहिलं की काच असती तर डोळा पेटला असता, हे कण मुकाट्यानं आत राहतात. 1949 साली त्यानं इथल्याच सेंट थॉमस हॉस्पिटलात तशाच पर्स्पेक्सचं पहिलं भिंग बसवलं. ते हॉस्पिटल थेम्सच्या काठावरच आहे. नदीकाठची माणसं आहेत, आपल्यासारखीच.

वहिनींनी मला सगळं सांगितलं आहे, रागवू नकोस त्यांच्यावर. भाजीत तिखटाऐवजी दोनदा हळद गेली. आणि गेल्या महिन्यात ओट्यासमोर पांढरा गोऱ्हा उभा होता, त्याला तू परिक्रमावासी समजून 'नर्मदे हर, या, चहा घ्या' म्हणालीस. तो आलाही म्हणे, ओट्यावर.

रूपमती आपल्या धरमपुरीची, तू लहानपणी रोज सांगायचीस. नर्मदेचं दर्शन झाल्याशिवाय ती जेवायची नाही म्हणतात, त्यासाठी तिला मांडूच्या कड्यावर चढावं लागायचं. तुला ओट्यावरून नदी. आणि परवा तू बाबांना विचारलंस, 'धरणाचं पाणी आणखी चढलं का, बेटावरचं देऊळ दिसत नाही ते?' पाणी होतं तिथेच होतं. बिल्वामृतेश्वरही तिथेच आहे. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी मला फोन केला. त्या वेळी फोन पहिल्यांदा त्यांनी कानाला न लावता तोंडासमोर धरला होता.

तुझा पडदा चांगला आहे. इंदूरच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे, कागद दादाकडे आहे. दादानं 3 फेब्रुवारीची वेळ घेतली आहे, उजव्या डोळ्याची. पहाटे निघायचं, गुजरी-मानपूरमार्गे. बाबा म्हणतात, वाटेत महूला जनावरांचं कॉलेज लागतं, 1955 पासूनचं आहे, बाजीरावाला तिथे आणलं असतं तर बरा झाला असता. बाबांना वाटेत गाडी थांबवू देऊ नकोस.

डावा डोळा मार्चमध्ये, शिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर. तेव्हा मी येते, ड्रॉप घालायला. आता हात बसला आहे. दिवसातून चार वेळा घालावे लागतील, आणि मी पनीर घेऊनच येईन.

बाबांना, दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. ह्यांचा सर्वांना नमस्कार. बाजीराव इथे पायाशी झोपला आहे, मधूनच झोपेत पळतो.

तुझी,
बेबी

ता. क. वहिनी, वाचताना आई मध्येच 'बघू' म्हणाली असेल, तर ते हो समजून दादाला सांगा.