नाणं टाका, उसासा घ्या

वर्सोव्यातल्या चाळिशीपार पुरुषांना सध्या एक नवं दुखणं जडलंय: बंद पडलेल्या मॉलमधल्या व्हिडिओ गेम्सची आठवण. महागड्या कॉफीवर 'क्रॉसरोड्स'चा विषय निघतो आणि डोळे पाणावतात. 'काय निरागस दिवस होते रे!'

निरागस? हाजीअलीजवळचा हा मॉल 1999 मध्ये उघडला, तेव्हा सुरुवातीला दारावर मोबाइल नाहीतर क्रेडिट कार्ड दाखवावं लागे. नसेल तर मोजा 60 रुपये. म्हणजे बालपण होतं, पण बापाच्या कार्डावर. (ज्यांचे बाप बेस्टच्या पासवर फिरत, त्यांना ही आठवण येत नाही. कोत्या मनाचे असावेत.)

अशा ठिकाणी गेम्सवर शेकडो रुपये उडवून, जिंकलेल्या तिकिटांची भेंडोळी जमवायची आणि काउंटरवर देऊन प्लॅस्टिकची शिट्टी घ्यायची. अर्थशास्त्राचा तो पहिला धडा. पुढे ह्याच मंडळींनी वर्सोव्यात फ्लॅट घेतले.

जवळच लिंक रोडवर इन्फिनिटी मॉल आला तेव्हा हाजीअलीकडे पाठ कोणी फिरवली, हे विचारायचं नसतं. आता कॉफीच्या टेबलावर शेजारी स्वतःचा मुलगा मोबाइलवर गेम खेळतोय. त्याला मात्र दर पाच मिनिटांनी दम: 'ठेव तो फोन, डोळे जातील!'