डेमोवर निघालेले सर

नीटची परीक्षा बहुधा मेच्या पहिल्या रविवारी असते. त्यानंतर पोरं दोन वर्षांची राहिलेली झोप काढायला गावी जातात आणि सर कामाला लागतात. कोणत्या कामाला, ते लातुरात उद्योग भवनाजवळच्या ट्युशन एरियात कुणालाही विचारा. चहावालाही सांगेल, "सर? नांदेडला गेलेत, डेमोला."

या सरांना आईबापांनी ठेवलेलं नाव असतं, पण ते आधार कार्डापुरतं. बाकी व्यवहार तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे 'सर' एवढ्यावर चालतो. विषय फिजिक्स. नीटच्या 720 गुणांपैकी 360 बायोलॉजीचे आणि फिजिक्सचे फक्त 180. पण त्या 180 पायीच पोरं रिपीटर बॅचला येऊन बसतात, म्हणून फिजिक्सवाल्यांचा भाव जरा चढाच.

तर एप्रिलमध्येच लातूरच्या एका क्लासनं सरांना ऑफर दिलेली असते. पॅकेज ठरलेलं असतं, शेजारीपाजारी पेढे वाटून झालेले असतात. आणि त्याच आठवड्यात सर नांदेडच्या क्लासला बायोडाटा पाठवतात. लातूरच्या क्लासशी ज्याचा उभा दावा, नेमका तोच क्लास निवडतात. आई विचारते, "कुकू लागल्यावर दुसरं स्थळ बघायलास व्हय रं?" सर शांतपणे म्हणतात, "आई, जॉइन कुठं झालोय? नुसती ऑफर आलीय."

ऑफर आल्याशिवाय हे सर कधीच अर्ज करत नाहीत, हे त्यांचं वैशिष्ट्य. हातात काही नसलेला माणूस विनवण्या करतो, हातात एक असलेला माणूस 'चर्चा' करतो, असं त्यांचं म्हणणं. "तिकडं इतके देतायत" या वाक्यातलं 'तिकडं' खरं असावं लागतं, कारण या धंद्यात दोन्हीकडचे मालक एकमेकांची बित्तंबातमी ठेवून असतात. आकडा मात्र थोडा फुगवला तरी चालतो.

कुणी नीतिमत्तेचा विषय काढलाच, तर सरांकडे दाखला तयार असतो. "वाघमारे सर लातूरहून नांदेडला गेलेच की!" आता डॉ. जनार्दन वाघमारे हे राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य. 1994 साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं तेव्हा ते पहिले कुलगुरू म्हणून गेले. ते डेमो देऊन गेले नव्हते, एवढा बारीक फरक सर विचारात घेत नाहीत.

कायद्याचा अभ्यासही दांडगा. न्यूटनच्या तीन नियमांनंतर सरांना तोंडपाठ असलेली चौथी गोष्ट म्हणजे भारतीय करार कायदा, 1872, कलम 27. पोटापाण्याचा धंदा करायला आडकाठी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. "त्यांच्या बाँडला काही अर्थ नाही," असं ते स्टाफरूममध्ये छातीठोक सांगतात. नोकरी चालू असतानाच्या अटी मात्र कोर्टात टिकू शकतात, हे वकील सांगायला लागला की सरांची रेंज जाते.

मालकही काही दूधखुळा नसतो. सर 'हो' म्हणाले की दुसऱ्या दिवशी औसा रोडला त्यांचा फ्लेक्स लागतो. हाताची घडी, निळा कोट, वर 42 अंशांचं ऊन. एकदा फोटो चौकात चढला की माणूस लाजेकाजेस्तव तरी थांबेल, हा हिशोब. सर लाजत नाहीत. उलट त्या फ्लेक्सचा फोटो काढून तो नांदेडच्या मालकाला पाठवतात. खाली ओळ: "अजून फायनल नाही."

लातूर आणि नांदेड या दोन शहरांचं एकमेकांशी जे काही आहे, त्यावर सरांचा प्रपंच चालतो. महसूल आयुक्तालय नांदेडला व्हायचं की लातूरला, यावरून 2009 साली केवढं रान पेटलं होतं! ते घोंगडं भिजतच पडलं. पण त्या ईर्षेचं रोकड रूपांतर कुणी केलं असेल, तर ते या सरांनी. नांदेडच्या मालकाला सरांची गरज असेलच असं नाही. ते लातूरला नसावेत, एवढीच गरज असते.

डेमोचा धडा ठरलेला: रोटेशनल मोशन. शर्टाच्या खिशात काचेची गोटी. दुसऱ्या खिशात, डेमो नांदेडला असेल तर गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानातलं कडं आणि लातूरला असेल तर गंजगोलाईतली बांगडी. टेबलाला दोन पुस्तकांचा उतार द्यायचा, दोन्ही एकदम सोडायचं. "आधी कोण पोचेल?" गोटीच पोचते, दरवेळी पोचते, वजन काहीही असो. समोर विद्यार्थी म्हणून बसलेले असतात केमिस्ट्रीचे सर, ऑफिसातला क्लार्क आणि मालकाचा भाचा. भाचा ठरवून दिलेला डाउट विचारतो. शेवटच्या बाकावरचे मालक मोबाइलवरून मान वर काढतात आणि त्यांना खरोखर पडलेला एकमेव प्रश्न विचारतात, "सर, तुमच्यासंगं लेकरं किती येतील?"

सरांवर हसायला मलाही आवडतं, पण त्यांची आधीची दहा वर्षं विसरून हसता येत नाही. एमएस्सी, बीएड, सेट. मग सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवाल तेवढ्याच तासांचे पैसे आणि तेही कधीतरी दिवाळीनंतर. पर्मनंट जागेसाठी संस्थाचालकांनी सांगितलेल्या आकड्यात बापाची जमीन गेली असती. ज्याला दहा वर्षं एकानं विचारलं नाही, त्यानं आता दोघांना झुलवलं तर झुलवू द्यावं. आणि मालक तरी काय करत असतात? सरांना ऑफर देऊन झाल्यावरही त्याच जागेसाठी हैदराबादच्या एका सरांचा डेमो ठेवलेला असतोच.

नांदेडचा रस्ता चाकूर, अहमदपूर, लोहा असा जातो. अहमदपूर जवळजवळ मध्यावर, त्यामुळे बस तिथं चहाला थांबली की सर दोन्हीकडच्या फोनांना सारख्याच अंतरावरून उत्तरं देतात. असेच एकदा कपात बिस्कीट बुडवत असताना समोरच्या टेबलावर नांदेडचे फिजिक्सचे सर. तेही खिसा चाचपत होते.

"इकडं कुठं, सर?"

"सासरवाडीला जायलोय लातूरला. तुम्ही?"

"मावसभावाचं लग्न, नांदेडला."

दोघांच्याही खिशात गोट्या. मग बराच वेळ 'एका मित्राला' लातूरला किती देतात आणि 'दुसऱ्या एका मित्राला' नांदेडला किती, याची मनमोकळी देवाणघेवाण झाली. बिल कुणी द्यायचं यावर मात्र दोघंही अडून बसले. शेवटी ज्याची बस आधी सुटली तो वाचला.

पुढं लोह्याला बसमध्ये चढले सरांचे लांबचे पाहुणे. पोरगी दहावीला, डॉक्टर करायची जिद्द. त्यांनी शेजारी बसकण मारून सरळ विषयालाच हात घातला.

"सर, खरं सांगा, पोरगीला लातूरला टाकू का नांदेडला?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दोन्हीकडं चांगलंच आहे. जून लागेपर्यंत थांबा, मग सांगतो."

"थांबतो की," पाहुणे म्हणाले. "म्या दोन्हीकडं नाव टाकून ठिवलंय."