रात्रपाळीचा जबडा

झोपेत दात खाणाऱ्याला आपण दात खातो याचा पत्ताच नसतो. तक्रार येते ती शेजारच्या उशीवरून. ‘‘अहो, रात्रभर काय ती करकर! अंगावर काटा आला माझ्या.’’ ‘‘मी? मी तर ढाराढूर झोपलो होतो.’’ दोघंही खरंच बोलत असतात.

पोर झोपेत दात खायला लागलं की घरातल्या आजीचं निदान ठरलेलं: पोटात जंत झालेत. चाळिशीतल्या बाप्याच्या पोटात मात्र भलतंच काही असतं. साहेबांना म्हटलेलं ‘चालेल सर’, सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हटलेलं ‘बघू या’, सासरेबुवांना म्हटलेलं ‘तुम्ही म्हणाल तसं’. दिवसभर ज्याला त्याला हो म्हणायचं आणि भांडण जबड्याने रात्री उरकायचं, अशी ही वाटणी.

जबडाही काही लेचापेचा नाही. गालावर बोटं ठेवून दात आवळा. टणक गोळा वर येतो तो मॅसेटर, चावण्याचा दांडगा स्नायू. खरं तर जेवताना नि आवंढा गिळताना दाताला दात लागला की पुरे. एरवी ओठ मिटलेले आणि दातांत फट, हीच त्याची विश्रांती. ती न मिळाल्यावर सकाळी कानशिलं ठणकतात, जांभई देताना कानापुढचा सांधा कट्‌कन वाजतो, आणि माणूस जातो कानाच्या डॉक्टरकडे! कान स्वच्छ निघतो. मग कोणीतरी डेंटिस्टकडे धाडतं.

डेंटिस्ट आरसा तोंडात घालून विचारतो, ‘‘दाढा सपाट झाल्यात. टेन्शन आहे का काही?’’ इतक्या आपुलकीने आपल्याला कोणी विचारलेलं नसतं, आणि नेमकं तेव्हाच ‘आं’पलीकडे बोलता येत नाही.

सगळंच खापर टेन्शनवर फोडू नये. रात्रीची कॉफी, सिगारेट, दारू, झोपेत श्वास अडकणं, काही औषधं, हेही गुन्ह्यात सामील असतात. तरी करोनाच्या काळात अमेरिकेतल्या डेंटिस्टांकडे दात खाणारे रुग्ण वाढले होते, ते काही उगाच नव्हे.

‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला मला तरी निरुपयोगी वाटतो; कोणी हौसेने घेतं का? त्यापेक्षा मापाचा नाइट गार्ड बरा. करकर तो थांबवेलच असं नाही, पण झीज दातांऐवजी त्याची होते. इनॅमल शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असला, तरी एकदा गेला की परत येत नाही.

तेव्हा शेजारच्या उशीवाल्यांनो, रात्री कोपराने ढोसू नका. सकाळी डेंटिस्टची वेळ घेऊन द्या.