आमच्या अपार्टमेंटच्या टॅक्सगुरूस

प्रिय दादा,



काल आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याचं, पाकीट आलं. तुझ्या सल्ल्याने मिळालेल्या १,००० डॉलरच्या रिफंडवरचं व्याज त्यांनी मागितलंय. मुद्दल मी आधीच परत केलं होतं. म्हणजे तो रिफंड नव्हताच, अमेरिकन सरकारने न मागता दिलेलं कर्ज होतं. जामीन तू राहायला हवा होतास.

मार्च २०२४ मधला तो रविवार आठवतो का? हॉलमधल्या गादीवर आम्ही पाच जण लॅपटॉप घेऊन बसलेलो, आणि तू ओट्यापाशी कुकरच्या शिट्ट्या मोजत आमची रिटर्न्स भरत होतास. "२०२३ मध्ये इथे १८३ दिवसांच्या वर होतास ना? मग तू रेसिडेंट. पुढे चल." वरणाला तीन शिट्ट्या, करकायद्याला एक.

१८३ चं गणित तुला तोंडपाठ होतं, हे कबूल. यंदाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश. राहिलं ते एवढंच, की एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस या बेरजेत धरायचेच नसतात. ३० डिसेंबरला विमानातून उतरलं तरी त्या पाचातलं एक वर्ष संपतं. मी उतरलो ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे २०२६ संपेपर्यंत माझी बेरीज शून्य. हेच सांगायला ८८४३ नावाचा फॉर्म असतो, आणि एक सेंटही न कमावणाऱ्याने तो भरायचा असतो. तू म्हणालास, "तो बिनकामाच्या लोकांसाठी."

मी नंतर बसून विचार केला, की हा माणूस इतका ठाम कसा? उत्तर सोपं निघालं. तू आलास २०१७ मध्ये. २०२१ बरोबर तुझी पाच वर्षं संपली आणि २०२२ पासून तू खरोखरच रेसिडेंट झालास. सल्ला अगदी बरोबर होता रे, फक्त तुझ्यासाठी. स्वतःच्या चष्म्यातून स्वच्छ दिसतं म्हणून तोच तू आमच्या नाकावर चढवलास.

त्या १,००० डॉलरची कथा तर वहीत लिहून ठेवावी अशी. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी नावाचं ते क्रेडिट नॉनरेसिडेंटला मिळत नाही. समजा मी रेसिडेंट असतो, तरी ते उच्च शिक्षणाच्या पहिल्या चार वर्षांसाठी असतं, आणि मी चार वर्षं बी.ई. करून आलेलो. सॉफ्टवेअरने बिचाऱ्याने तसं विचारलंही. तू पळी स्क्रीनकडे रोखलीस: "अमेरिकेत पहिली चार वर्षं झाली का? नाही ना? मग टिक कर." एकाच टिचकीत दोन चुका.

खरी गंमत अशी, की आपल्याला हक्काचं जे मिळतं त्यासाठी रेसिडेंट व्हायची गरजच नव्हती. एरवी नॉनरेसिडेंटला स्टँडर्ड डिडक्शन नसतं. पण १९८९ मध्ये दिल्लीत सह्या झालेल्या भारत-अमेरिका करारातल्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला ते मिळतं. २०२३ साठी १३,८५० डॉलर, सरळ मार्गाने. शेजारच्या खोलीतल्या चिनी मुलाला ते नाही. त्याच्या देशाच्या करारात ५,००० डॉलरच्या कमाईला सूट आहे. तू त्यालाही १३,८५० टाकायला लावलेस. "ट्रीटी म्हणजे ट्रीटी, सगळ्यांची सारखीच." दोन देशांचे वकील इतकी वर्षं कशाला भांडत बसतात कोण जाणे.

उन्हाळ्यात माझी इंटर्नशिप होती. १२,००० डॉलरच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापले गेले, म्हणजे ९१८ डॉलर. मी विचारलं तर तू म्हणालास, "सगळ्यांचेच कापतात." तुझे कापतात, दादा. नॉनरेसिडेंट विद्यार्थ्याचे कापायचे नसतात. आता ते परत मागायचे, तर मीच सही करून 'मी रेसिडेंट' असं लिहून दिलेलं. म्हणून आधी ते रिटर्न दुरुस्त केलं, मग कंपनीच्या पेरोलवाल्या बाईंना तीन ईमेल पाठवले. त्यांचं उत्तर येतंय अजून. नाही आलं, तर ८४३ नंबरचा फॉर्म आहेच.

आणि ती सही! रेसिडेंटने जगभरातलं उत्पन्न दाखवायचं असतं. आजीने माझ्या नावावर ठेवलेल्या नाशिकच्या एफडीचं व्याज मी दाखवलं नव्हतं. म्हणजे 'सर्व माहिती खरी आहे' असं शपथेवर लिहून मी आजीलाही गोत्यात आणलं होतं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण कोल्हापूरच्या मॅडमचं गिळवत नाही. जे-१ व्हिसावर संशोधनाला आलेल्या, पगारावर फेडरल टॅक्स नाही, त्याच कराराचं २२ वं कलम. परवा त्या विचारायला आल्या, की प्रोजेक्ट तीन महिने लांबतोय, राहू का? तू चहा ढवळत म्हणालास, "राहा की! त्या तीन महिन्यांचा टॅक्स भरला की झालं." दादा, ती सूट दोन वर्षांपुरती आलेल्यांना आहे. मुक्काम दोन वर्षांच्या पुढे गेला, की आधीच्या दोन वर्षांचीही सूट जाते. चोवीस महिन्यांचा टॅक्स, तीन महिन्यांच्या हौसेपायी. मॅडम माझ्यासमोरच विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये गेल्या म्हणून बरं. तिथे फुकट सांगतात. तिकडची पायरी आपल्यापैकी एकानेही आजवर चढली नव्हती, कारण घरात तू होतास.

एक विचारायचं राहिलं. तू आता पक्का रेसिडेंट. बाबांबरोबर ठाण्याच्या बँकेत तुझी जॉइंट एफडी आहे, असं दिवाळीत म्हणाला होतास. परदेशी खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली तर एफबार नावाचं एक वेगळं प्रकरण भरावं लागतं. ते तू भरतोस ना?

असो. व्याजाची रक्कम मी स्प्लिटवाइजवर तुझ्या नावावर टाकली आहे. कारणाच्या रकान्यात 'गुरुदक्षिणा' लिहिलंय.

तुझा,
खोली क्रमांक दोनमधला नॉनरेसिडेंट

ता. क. : कुकरची रिंग सैल झालीये. ती बदलायचं मात्र तूच बघ, त्यातलं तुला खरंच कळतं.