एका घुसखोरामागे अकरा भाऊ

राज्य सरकार सध्या घुसखोर शोधतंय. ऑक्टोबर 2025 मध्ये एटीएसची 1,274 नावांची यादी पुढे आली. हे बेकायदा बांगलादेशी आहेत, यांच्या नावावर शिधापत्रिका किंवा दुसरे दाखले निघाले असतील तर रद्द करा, काळी यादी तयार करा, असा हुकूम निघाला. हुकमाशी भांडण नाही. परक्याने खोट्या कागदावर रेशनचा तांदूळ उचलावा, असं आमच्या धानाच्या गोंदिया जिल्ह्यात कोण म्हणेल?

फक्त या यादीशेजारी दुसरा एक आकडा ठेवून बघा. लाडकी बहीण योजनेचे पैसे 14,298 पुरुषांच्या खात्यात गेल्याचं जुलै 2025 मध्ये उघड झालं. म्हणजे एका घुसखोरामागे अकरा लाडके भाऊ. हे कुठली नदी पोहून आले? कुठल्या तारेखालून सरपटले? सगळे इथलेच, आधारवाले, खातेवाले. महिन्याला दीड हजार सोडताना यंत्रणेला मिशा दिसल्या नाहीत. आता तीच यंत्रणा चेहरा बघून देश ओळखणार आहे.

आमचं कुडवा गाव गोंदिया शहराला चिकटलेलं. इकडे बालाघाट, तिकडे राजनांदगाव, आणि सोयरिकी दोन्हीकडे. 1956 पर्यंत तर बालाघाट आणि आमचा तेव्हाचा भंडारा जिल्हा एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. बालाघाटहून लग्न होऊन इकडे आलेली आजी त्या वर्षी जागची न हलता परप्रांतीय झाली. तिचं बाळंतपण घरी, सुईणीच्या हातून. नोंद असलीच तर गावच्या जन्म-मृत्यूच्या कोतवाल बुकात, तीही नशिबाने वाळवीच्या तावडीतून सुटली असेल तर. तिच्या सुनांना-नातसुनांना लाडकी बहीण योजनेने एक सवलत दिली आहे, तीही वाचण्यासारखी: बाई परराज्यात जन्मलेली असेल तर नवऱ्याचा जन्मदाखला, टीसी किंवा अधिवास प्रमाणपत्र चालेल. लग्नाला तीस वर्षं झाली, रोवणी-कापणीत कंबर मोडली, पण बाईचं महाराष्ट्रातलं असणं नवऱ्याच्या टीसीवर टांगलेलं! सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी आली, तिला तर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार लागला. दोघेही वारले असतील त्या बाईने काय करायचं, हे सरकारला मागाहून सुचलं.

उशिराच्या जन्मदाखल्यांची कथा आणखी न्यारी. मालेगावात बोगस दाखल्यांचा आरोप झाला, जानेवारी 2025 मध्ये एसआयटी बसली आणि दाखले सगळ्या राज्यात थांबले. मार्चमध्ये नवी पद्धत आली, तीत पोलिसांचा अभिप्राय सक्तीचा. संशय मालेगावात, खेटे कुडव्यात. पुढे महसूल मंत्री बावनकुळे यांच्या खात्याने नुसत्या आधारवर दिलेले दाखले रद्द करायला सांगितले, कारण आधार हा जन्माचा पुरावा नव्हे. खरंय. तो नागरिकत्वाचाही पुरावा नाही, हे 2016 च्या कायद्यातच लिहिलंय. मग इतकी वर्षं प्रत्येक खिडकीवर ‘आधार आणलं का?’ हा एकच प्रश्न कशाला विचारत होतात?

आणि पलीकडून आलेली माणसं या जिल्ह्याला नवी नाहीत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगरसारख्या वसाहतींत पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली निर्वासित आहेत, सरकारनेच वसवलेले. गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी वसाहत आहे. जिल्हा बुडाला नाही. कोण आलं, कुठे राहिलं, याची नोंद तेव्हाच्या कारकुनाने केली होती, एवढंच. उद्या मोहिमेच्या उत्साहात कुणी अरुणनगरच्या म्हाताऱ्याची बंगाली ऐकून वही उघडली, तर आधी त्याने आपल्याच कचेरीतली जुनी फाइल उघडावी.

नागरिक कोण, हे ठरवणं केंद्राचं काम. राज्याच्या हाती आहे रेशनकार्ड, आणि ते रद्द करायला एक क्लिक पुरतं. परत मिळवायला मजुरी बुडवून तहसीलच्या चकरा.

तेव्हा घुसखोर जरूर शोधा, साहेब. पण नाव कापण्याआधी घरी नोटीस पाठवा, म्हणणं मांडायला महिनाभर द्या आणि कोतवाल बुकाची नक्कल त्याच दिवशी हाती ठेवा. आणि लाडक्या भावांनी नेलेल्या सुमारे 21 कोटींपैकी किती वसूल झाले, तो आकडाही त्याच काळ्या यादीखाली छापा.