देव टिकलीएवढा

चैत्र लागला की विहिरी तळ गाठतात आणि यात्रा कमिटीची पावतीपुस्तकं वर येतात. टँकर चार दिवसांआड, पण वर्गणीला टंचाई नाही. कारभारी नारायणगावच्या राहुट्यांत जाऊन तमाशाची सुपारी देऊन येतात, की लगेच वेशीवर फ्लेक्स चढतो. कोपऱ्यात ग्रामदैवत टिकलीएवढं, मध्ये आमदार, खाली गॉगल लावलेले ‘युवा नेते’. एवढे नेते म्हटल्यावर कार्यकर्ते शेजारच्या गावाकडून उसने आणावे लागत असणार.

बैलगाडा शर्यती २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या, २०२१च्या डिसेंबरात परवानगी दिली, २०२३ मध्ये कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. मधल्या काळात बैलांचं बरं चाललं होतं. हाल झाले ते माईकवाल्या निवेदकांचे. आता घाटात बैल काही सेकंदांत मोकळे होतात, मान्यवर मात्र तासन्‌तास सुटत नाहीत. भर उन्हात अंगावर शाल कुणाला हवी? पण नाव राहिलं तर पुढल्या साली वर्गणी बंद!

संध्याकाळी आखाड्यात मानाची कुस्ती अंधारामुळे बरोबरीत सोडवतात. अंधार पडायच्या आत ती लावता आली असती, पण माजी उपसरपंचांचा फेटा बांधून व्हायचा होता.