उंदरांसाठी ठेवलेले मांजर

नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नायगाव आणि त्याच्या आसपासची खेडी या भागातील शेतकरी कुटुंबांत मांजर कशासाठी पाळले जाते, या प्रश्नाला एकच अधिकृत उत्तर मिळते आणि ते बहुधा प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच मिळते: ‘उंदरं लई झालते, म्हणून ठिवलाव.’ हे उत्तर दिले जात असताना ते मांजर उत्तर देणाऱ्याच्या मांडीवर झोपलेले असते आणि त्याची दोन बोटे मांजराच्या कानामागे आपोआप फिरत असतात, ही गोष्ट अभ्यासकाने नोंदवून ठेवावी, बोलून दाखवू नये. ज्या घरात बैलाची किंमत बाजारात ठरते, म्हैस लिटरवर मोजली जाते, कोंबडीचा हिशेब अंड्यांवर होतो आणि कुत्रासुद्धा रात्री भुंकतो म्हणूनच भाकरीचा धनी ठरतो, त्या घरात एखादे जनावर निव्वळ आवडते म्हणून ठेवले आहे, असे चारचौघांत कबूल करणे कर्त्या पुरुषाला जड जाते. म्हणून मांजर पाळले जात नाही, कामावर ठेवले जाते. कामाचे स्वरूप ठरलेले असते, मोबदला ठरलेला असतो आणि तो दोन्ही वेळा चुकता होतो. राहता राहिले काम, त्याची चौकशी कोणी करत नाही.

हे कारण अगदीच निराधार आहे असे मात्र म्हणता येणार नाही. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन सपाट छत केलेल्या घरांत, धान्य साठवण्यासाठी बळद असे. बळद म्हणजे भिंतीच्या जाडीतच राखलेला कोठा, ज्यात वरून ज्वारी ओतायची आणि खालच्या भोकातून लागेल तशी काढून घ्यायची. याशिवाय जमिनीखाली पेवे असत. आता बळदे गेली, तरी सोयाबीनचे आणि तुरीचे कट्टे, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांची पोती, भाव वाढण्याची वाट पाहत बैठकीतच रचलेले असतात आणि भाव वाढायला जितका वेळ लागतो तितक्या वेळात उंदरांच्या दोन पिढ्या त्यात लहानाच्या मोठ्या होतात. माणूस आणि मांजर यांचा मूळ करारच धान्याच्या साठ्यावरून झाला, असे पुरातत्त्वज्ञही मानतात. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, साठ्यापाशी उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर आले आणि वस्तीत राहिले. सायप्रस बेटावरील शिलूरोकांबोस या स्थळी सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले असून त्यात माणसाच्या सांगाड्यापासून हातभर अंतरावर मांजराचा सांगाडा होता. २००४ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. या बेटावर मुळात मांजरे नव्हती, त्यामुळे कोणीतरी ते जनावर होडीत घालून समुद्रापार नेले असले पाहिजे, आणि होडीतल्या इतरांनी विचारल्यावर त्याने उंदरांचेच कारण सांगितले असणार, याविषयी नायगावची रीत पाहिलेल्या माणसाला शंका वाटत नाही.

प्रत्यक्ष कामगिरीचा विचार करू लागल्यावर मात्र करार बराच सैल झालेला दिसतो. प्रौढ मांजर दिवसाच्या चोवीस तासांपैकी बारा ते सोळा तास झोपते, आणि उरलेल्या वेळातला मोठा भाग अंग चाटण्यात जातो. रात्री कट्ट्यांच्या मागून खुडबुड ऐकू आली की मांजर एक कान त्या दिशेला वळवते, आवाजाची दखल घेतल्याचे दाखवते आणि दुसऱ्या कुशीवर होते. घूस म्हणून जो थोराड उंदीर या भागात भिंती पोखरतो, त्याच्या वाटेला तर ते जातच नाही; उलट दोघे एकाच परसातून, आपापल्या कामाला निघालेल्या शेजाऱ्यांप्रमाणे, एकमेकांना वाट देऊन जाताना दिसतात. याबद्दल नायगावच्या मांजराला एकट्याला दोष देणे अन्यायाचे होईल. अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका कचरा-पुनर्वापर केंद्रात उंदरांची वसाहत आणि तिथली मोकाट मांजरे यांच्यावर ७९ दिवस कॅमेऱ्यांनी पाळत ठेवण्यात आली होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मांजरांनी मारलेल्या उंदरांची संख्या दोन भरली. मोठा उंदीर चावतो हे मांजराला कळते, आणि कळत असूनही अंगावर घेणे ही गोष्ट त्याने माणसांवर सोपवलेली आहे.

सरकारदरबारीही मांजराचा हिशेब नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. देशात ठरावीक वर्षांनी पशुगणना होते, म्हणजे घरोघर जाऊन जनावरे मोजली जातात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, घोडा, गाढव आणि उंट तर होतेच, शिवाय कुत्रा, ससा, हत्ती, ईशान्येकडील मिथुन आणि हिमालयातील याक यांचीही मोजणी झाली. नायगावात याक आढळण्याचा संभव कमी असला, तरी आढळल्यास त्याची नोंद करण्याची सोय होती, मांजराची नव्हती. प्रगणक वसरीवर बसून जनावरांची संख्या विचारतो, घरधनी दोन बैल, एक म्हैस, चार शेळ्या असे मोजून सांगतो आणि या साऱ्या काळात मांजर प्रगणकाच्या पिशवीवर बसून कामकाज पाहते. आपले नाव यादीत नसल्याचे त्याला दुःख होत नाही, कारण यादीत असणाऱ्यांपैकी कोणालाही घरात येण्याची मुभा नसते हे त्याने पाहिलेले असते.

आहाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. या भागात लिंगायत कुटुंबे पुष्कळ आहेत, माळकरीही आहेत. माळकरी म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घालून मांसाहार वर्ज्य केलेले वारकरी. मांजर मात्र शरीरानेच मांसाहारी असून त्याला टॉरिन नावाचे जे द्रव्य लागते ते मांसातूनच मिळते. ते न मिळाल्यास दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात, आणि हृदयाचा हा संबंध १९८७ साली सिद्ध झाला. घराचा धर्म आणि मांजराचा देह यांच्यातील हा विरोध नायगावकडच्या घरांनी उंबऱ्याच्या साहाय्याने सोडवला आहे. उंबऱ्याच्या आत मांजर माळकरी असते, दूध-भाकरी खाते आणि एकादशीला भगरीच्या ताटाभोवती घोटाळते. उंबऱ्याबाहेर त्याने काय केले याची विचारपूस केली जात नाही, फक्त तोंड पुसून आत यावे एवढी अपेक्षा असते. दुधाबाबतही शास्त्राचे म्हणणे प्रतिकूलच आहे, कारण वाढत्या वयाबरोबर बहुतेक मांजरांची दूध पचवण्याची शक्ती घटते आणि पोट बिघडते. परंतु पहाटे धार काढताना गोठ्याच्या दाराशी जनावर तोंड उघडून बसले असता, आचळातून एक चिळकांडी नेमकी त्याच्या तोंडात सोडण्याचे कसब ज्याच्या बोटांत आहे, त्याला हे शास्त्र सांगण्यात अर्थ नाही.

गोडाची गोष्ट निराळी. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही, कारण गोडाची जाणीव करून देणारे जनुक त्याच्यात निकामी झालेले आहे, असे २००५ साली दाखवून देण्यात आले. होळीला पुरणपोळीचा घास पुढे केल्यावर मांजर वरचे तूप तेवढे चाटून पोळी सोडते ते यामुळे. घरच्या म्हातारीला हे जनुक ठाऊक नसल्याने ती पुरणात काही कमी पडले का, असे सुनेला विचारते, आणि त्यातून निघणारा वाद रंगपंचमीपर्यंत पुरतो. ‘पोट भरलं की मांजर उंदीर धरत नाही’ हा सिद्धांतही याच म्हातारीचा. तो मांडत असतानाच ती आपल्या बशीतला चहा फुंकून निववते आणि निम्मा खाली ठेवते. वास्तविक पोट भरलेले मांजरही शिकार करते, कारण शिकारीची ओढ भुकेवर फारशी अवलंबून नसते. पण सिद्धांत चुकीचा निघाला काय आणि बरोबर निघाला काय, बशी खाली जायचीच आहे.

निवासाच्या बाबतीत घरातील माणसांचे वेळापत्रक ऋतूंवर आणि मांजराचे माणसांवर चालते. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेला की रांजणाखालच्या ओल्या वाळूवर मांजराचा हक्क लागू होतो आणि पाणी घ्यायला आलेल्याने वाकून, हात लांबवून तांब्या बुडवायचा असतो. पावसाळ्यात पत्र्यावर सर वाजू लागली की ते वाकळींच्या चवडीवर चढते. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची हाती शिवलेली गोधडी, आणि चवडीतली सगळ्यात वरची वाकळ नेहमी पाहुण्यांसाठी धुऊन ठेवलेली असते. पूर्वी दुधा-दह्याची भांडी आढ्याला टांगलेल्या शिंक्यात ठेवत आणि शिंके तुटले की बोक्याचे फावे. आता शिंक्याची जागा फ्रिजने घेतली आहे. फ्रिज तुटत नाही, म्हणून मांजराने त्याचा माथा बसण्यासाठी घेतला असून दार उघडणाऱ्या प्रत्येकाला ते वरून पाहते. वीज गेली आणि दूध बाहेर काढून चुलीवर ठेवावे लागले की कोण आधी खाली उतरते, हे सांगायला नको.

शकुनशास्त्रात मांजर आडवे जाणे अशुभ मानले आहे. नर्सी फाट्याकडे निघालेली जीप रस्त्यावर मांजर दिसताच थांबते आणि दुसरे एखादे वाहन पुढे जाऊन तो अपशकुन आपल्या अंगावर घेईपर्यंत थांबून राहते. तोच चालक घरी असताना मांजर त्याला सकाळपासून किती वेळा आडवे जाते याची गणती नसते, तरी घरचे मांजर चालते, अशी पोटकलमाची सोय परंपरेने करून ठेवली आहे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मुसलमान घरांत तर हे कलमच लागू नाही. इस्लामी परंपरेत मांजर पाक, म्हणजे शुद्ध, मानले जाते. त्याने तोंड लावलेले पाणी बाटत नाही, आणि पैगंबरांच्या एका प्रसिद्ध सहकाऱ्याला मांजराच्या पिलावरूनच अबू हुरैरा हे नाव पडले. त्यामुळे एकच मांजर सकाळी एका दारात अपशकुन असते, दुपारी दुसऱ्या दारात पाक असते आणि दोन्हीकडे जेवते. तेलंगणाची सीमा जवळ असल्याने या भागात मराठीबरोबर तेलुगू, दखनी आणि थोडी कानडीही कानावर पडते. मांजराला चारही भाषांत हाक मारता येते आणि चारही भाषांत ते लक्ष देत नाही. अपवाद एका वासाचा. बांधावर उगवणारी कुप्पी, जिला खोकलीही म्हणतात, मुळासकट उपटून टाकली की हे गंभीर जनावर तिच्या मुळांवर लोळू लागते आणि गल्लीने त्याच्याविषयी बाळगलेला सगळा धाक पाच मिनिटांत धुळीला मिळतो.

क्वचित कधी कराराप्रमाणे काम होते, आणि तो घरातला सर्वात वाईट दिवस ठरतो. उंदीर धरला जातो, अर्धमेला करून पहाटे घरधन्याच्या उशाशी आणून ठेवला जातो आणि मांजर शेजारी बसून पावती मिळण्याची वाट पाहते. ज्या कामासाठी त्याला ठेवल्याचे वर्षानुवर्षे सांगितले गेले, ते केल्याबद्दल त्याला शिव्या देऊन, केरसुणी दाखवून बाहेर घालवले जाते. यापुढे काम करू नये असा अर्थ मांजराने यातून काढला, तर त्याच्या तर्कात खोट दाखवता येत नाही.

लातूर-नांदेड भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, साजरी होते. त्या दिवशी गावेच्या गावे शेतात जातात, कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा होते, आंबील, भज्जी आणि उंडे यांचे जेवण होते आणि गावात चिटपाखरू उरत नाही. बैल शेतात असतात, कुत्रा गाडीमागे पळत जातो. मांजर जात नाही, कारण त्याला माणसांपेक्षा जागा प्रिय असते, आणि पिशवीत घालून नेलेच तर ते परत येईलच याची खात्री नसते. अशा वेळी घरातली एक म्हातारी यंदा गुडघे दुखतात, शिवाय घर राखायला कोणीतरी पाहिजेच, असे सांगून मागे राहते. दाराला कुलूप लावता येते हे सर्वांना माहीत असते, आणि आदल्या दिवशी बाजारात हेच गुडघे दुखत नव्हते हेही. तरी कोणी काही बोलत नाही. डब्यात आंबील काढून ठेवली जाते आणि मांजरासाठी लोण्याचा गोळा कोनाड्यात ठेवला असल्याचे म्हातारीला दोनदा सांगितले जाते.

पिले झाली की व्यवहार पुन्हा पहिल्या पदावर येतो. मांजरी व्याली की पिलांना तोंडात धरून सात घरे फिरवते, अशी समजूत आहे. रामानुजांच्या नंतर श्रीवैष्णव आचार्यांत जो वाद झाला त्यातील तेन्कलै पंथाने याच दृश्यावरून आपला मार्जारन्याय घेतला. माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, मांजराचे पिलू मात्र काहीच करत नाही, आई त्याला उचलून नेते. तसा देव भक्ताला नेतो, असे हे मत आहे. नायगावात चौथ्या घरापर्यंत मांजरी नेते आणि पुढची तीन घरे माणसे नेतात, एवढाच फरक. पिलू मागायला येणारा प्रत्येक जण कट्ट्यांत उंदीर माजल्याचे सविस्तर वर्णन करतो आणि घरात आणखी पिले नकोत, बोकाच द्या, असे बजावतो. मग टोपली उघडली जाते, आणि त्याचे बोट पांढऱ्या-काळ्या-तांबड्या अशा तीन रंगांच्या पिलावर जाऊन थांबते. तांबडा रंग ठरवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमीच मादी असते. ही माहिती देण्याची ती वेळ नसते, कारण तोपर्यंत पिलू धोतराच्या सोग्यात झोपलेले असते. त्याच्यासमोर उंदीर धरून परीक्षा घेतल्याचे आजवर ऐकिवात नाही. वर्ष उलटते न उलटते तोच त्या घरीही टोपली भरते आणि कोणाकडे उंदीर झालेत का, याची चौकशी गल्लीभर सुरू होते.